टाचणीचं वाक्य

१

टाचणीचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टूथब्रश होता. एरवी ती फोन करत नाही. करायचा नाही, असंच आमचं ठरलेलं. त्यामुळे तिचा नंबर बघताच मी फेसाळल्या तोंडानंच 'हॅलो' म्हटलं.

"ताई, त्यानं माझा आवाज ऐकलाय."

'त्यानं' म्हणजे कोणी, हे विचारायला नको होतं. टाचणीच्या आयुष्यात नाव न घेता ज्याच्याबद्दल बोलावं असा एकच माणूस होता. काही वर्षांपूर्वी ती लेकीला कडेवर घेऊन त्याच्या घरातून निघाली, ती पुन्हा मागे वळली नाही. कोर्टानं त्याला तिच्या आसपास फिरकायची मनाई केली आहे. पण कोर्टाचा कागद दाराला कडी म्हणून लावता येत नाही.

"कुठे ऐकला? कसा?"

"आईच्या फोनवर पाठवलाय त्यानं. आईनं मला पाठवला. तुम्हीच ऐका."

आमची संस्था आवाजावर संशोधन करते. मदतीसाठी फोन करणाऱ्या बाईच्या आवाजातली भीती यंत्राला ओळखता यावी, म्हणजे कोणाकडे आधी धावायचं ते कळेल, असा हा सगळा खटाटोप. त्यासाठी जिवावरच्या प्रसंगातून वाचलेल्या काही बायकांनी आम्हाला आपले आवाज दिले आहेत. त्यांचं खरं नाव संस्थेत कोणी उच्चारायचं नाही, ही इथली रीत. नंबरही द्यायचा नाही. माणसाला नंबर देणं माझ्या जिवावर येतं. बाईनं स्वतःच स्वतःला टोपणनाव द्यायचं. ही शिवणकाम करते आणि काम करता करता ओठांत टाचण्या धरून बोलते, म्हणून ती टाचणी. तोंडात टाचण्या नसल्या तरी वाक्य सुरू करायच्या आधी तिच्या ओठांचा बारीक 'टच्' असा आवाज होतोच, जणू बोलायचं म्हणून एक बाजूला काढून ठेवली.

आणि मी इथली कायदेबाई. लोकांचे आवाज, चेहरे, बोटांचे ठसे नको त्याच्या हाती पडू नयेत, हे बघणं माझं काम. सगळे मला घाबरतात असं मला वाटतं आणि सगळे मला टाळतात असं इतरांना वाटतं.

मी ऐकलं. टच्. "आता दार उघडं राहिलं तरी मला झोप लागते." टाचणीचा स्वच्छ, मूळ आवाज. त्यानंतर काहीतरी खुट्ट झालं आणि एक जाड पुरुषी आवाज, "आता दा..." एवढंच म्हणून तुटला. खाली त्यानं आईला लिहिलं होतं, 'लेकीला सांगा, आवाज ओळखला.'

"शेवटी बोलतोय तो, तोच ना?"

"नाही ताई. त्याचा आवाज मी मेल्यावरसुद्धा ओळखीन. हा कोणीतरी दुसराच आहे."

एक कमी होता म्हणून हा दुसरा कुठून उपटला, तेच कळेना.

"मला एवढंच सांगा," टाचणी म्हणाली. "त्याच्याकडे नुसता आवाज आहे की पत्तासुद्धा आहे? पत्ता असेल तर मी आजच निघते. मशिन्स इथेच टाकून जाईन, पण पोरीचं काय करू? तिला आत्ता कुठे एक मैत्रीण मिळालीये ताई. पहिली मैत्रीण."

मी तिला म्हटलं, "पोरीला त्या मैत्रिणीकडेच ठेव. फोन बंद कर, त्यावरून माग लागू शकतो. हातातलं आवर, हेल्मेट घालून दुपारी सरळ इकडे ये. आमच्या इमारतीत तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. तोवर मी शोधते."

किती ऐटीत बोलले मी हे! आठवलं की अजून घाम फुटतो.

२

पोलिसांना कळवलं. ते म्हणाले, "आवाज ओळखला, यात धमकी कुठे आहे मॅडम?" मी त्यांच्याशी भांडत भांडतच संस्थेत पोचले.

आमच्या दाराचं एक वैशिष्ट्य आहे. आवाज देणाऱ्या बायकांना रखवालदारापुढे नाव सांगायला लागू नये म्हणून दाराशेजारी एक जाळी बसवली आहे. जाळीत आपलं टोपणनाव बोलायचं, यंत्र आवाज ओळखतं, दार उघडतं. नाव नको, सही नको. हे दार बसवलं तेव्हा मी सगळ्यांना पेढ्यांऐवजी भाषण दिलं होतं.

दाराबाहेरच्या बाकावर एक माणूस पाय पसरून बसला होता. एका कानात इअरफोन, दुसरा कान मोकळा. मला बघून त्यानं पाय आवरते घेतले आणि अदबीनं म्हणाला, "या ताई." चला, जगात अजून सभ्य माणसं आहेत, असं मनात म्हणत मी जाळीत 'कायदेबाई' असं ओरडले आणि आत गेले.

माझ्यापुढचा प्रश्न सरळ होता. संस्थेत दोन कुलूपबंद कपाटं आहेत; म्हणजे संगणकातलीच, पण आम्ही त्यांना कपाटंच म्हणतो. एकात मूळ आवाज, दुसऱ्यात खरी नावं आणि पत्ते. रोजच्या संशोधनाला मूळ आवाज लागत नाहीत. यंत्रातून बदलून काढलेले, ओळखू न येणारे आवाज लागतात. पहिलं कपाट फुटलं असेल तर टाचणीनं राहायला हरकत नाही. दुसरंही फुटलं असेल तर तिनं आजच शहर सोडायला हवं. मूळ आवाजापर्यंत तिघांचेच हात पोचत होते. तिघंही माझ्या रोजच्या जेवणाच्या टेबलावरचे.

पहिली माईकताई. सगळी ध्वनिमुद्रणं तीच करते. गाद्या लावलेल्या खोलीत वर्षानुवर्षं बसून तिला हळू बोलायची सवय लागली आहे, त्यामुळे तिच्याशी कोणी भांडू शकत नाही. तिनं ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई, हा तर मूळ आवाज! आणि शेवटी हा बाप्या कोण?"

"तेच शोधतेय. आपला बदललेला आवाज नाही ना हा, बाईचा?"

"छे. बदललेला असता तर दुसऱ्या एखाद्या बाईसारखा वाटला असता. बाईचा आवाज आपण बाईचाच ठेवतो, नाहीतर भीतीचं मोजमाप बिघडतं. शिवाय आपलं यंत्र फक्त आवाजाचा पोत बदलतं, माणसाचा श्वास, ओठांचे आवाज तसेच राहतात. ते काढायचं काम अजून बाकी आहे, मी किती दिवस बोंबलतेय." तिनं क्लिप परत लावली, डोळे मिटले. "हे सरळ फाईलवरून घेतलेलं नाही बरं का. मोठ्या खोलीत स्पीकरवर वाजलंय आणि कोणीतरी ते फोनवर टिपलंय. भिंतींचा घुमारा ऐक."

माईकताईचा नवरा साउंड सिस्टीम भाड्यानं देतो. तिनं डोळे उघडले आणि माझं तोंड बघितलं.

"माझ्या नवऱ्यावर जातेयस तू," ती हळूच म्हणाली. "त्याची कामं मैदानावर असतात. मैदानाला भिंती नसतात. जा, दुसरीकडे शोध."

मी शरमून उठले. पण कपाट उघडायला लागणारं एक बोट तिचंच होतं, हेही विसरता येत नव्हतं.

३

दुसरे ठसेवाले. बोटं, चेहरे, बुबुळं यांवरून माणूस ओळखायच्या विद्येत त्यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि फालतू विनोदांतही नाही. दोन्ही कपाटांची कुलपं आणि ते कौतुकाचं दार त्यांनीच बसवलेलं. महिनाअखेर ते एका कंपनीत चालले होते, म्हणून सगळे त्यांच्याकडे सध्या जरा तिरकेच बघत.

त्यांनी क्लिप ऐकली. "बाई आपली. आणि हा घोगरा गृहस्थ कोण?"

"तुम्ही सांगा. कपाटं कोणी उघडली?"

"नावांचं कपाट उघडायला तुझं बोट लागतं आणि माझं. तू उघडलंस?"

"नाही."

"मग मीही नाही. एका बोटानं ते हालत नाही. आवाजाच्या कपाटाला माईकताईचं बोट आणि सरांचा आवाज. टाचणीचं ध्वनिमुद्रण आत गेल्यापासून ते एकदाही उघडलेलं नाही."

"ही नोंद खोटी करता येते?"

"मला येते. कुलूप माझंच आहे." ते खुर्चीत मागे रेलले. "पण मी चोर असतो तर माईकताईच्या नावावर एक उघडल्याची नोंद टाकून मोकळा झालो असतो. काहीच नोंद नाही म्हणजे बोट माझ्याकडे. एवढा गाढव मी दिसतो का? उत्तर देऊ नकोस."

मला हसू आलं नाही. ते शनिवारी एका कॉलेजात शिकवायला जातात. दोनशे मुलांचा वर्ग, मोठ्या भिंती, मोठे स्पीकर. मी तसं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

"वर्गात मी स्वतःचा आवाज वापरतो," ते म्हणाले. "दुसऱ्याचा वापरायला मला भीती वाटते. ही विद्या शिकल्यापासून वाटते. दे ती क्लिप. या घोगऱ्याचा आवाज संस्थेतल्या प्रत्येक माणसाशी ताडून बघतो. दारातून आजवर जो जो बोलून आत आलाय, त्यांच्याशीही. यातला कोणी असेल तर सुटणार नाही."

४

तिसरे आमचे सर, संस्थेचे प्रमुख. 'आवाज म्हणजे माणसाचा दुसरा चेहरा' हे त्यांचं वाक्य आमच्या प्रत्येक भिंतीवर आहे. या विषयातला कायदा लिहायला बसलेल्यांनाही सरांनीच चार गोष्टी शिकवल्या. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या आजोबांचे खिसे तपासण्यासारखं होतं.

सरांची खोली नेहमीसारखीच नीटनेटकी होती. टेबलावर घशाच्या गोळ्यांची डबी, खिडकीत एक कुंडी, आणि भिंतीवर नुकताच लावलेला फोटो. माहितीच्या सुरक्षिततेवरची परिषद. सर व्यासपीठावर, समोर खच्चून भरलेलं सभागृह, पुढच्या रांगेतले लोक फोन उंच धरून हसताहेत.

मी क्लिप शेवटपर्यंत ऐकवली. सरांनी डोळे मिटून घेतले.

"काय वाक्य आहे बघा," ते म्हणाले. "किती साधं. तिला काय लागेल ते करा. वकील बघा, घर बदलायचं असेल तर संस्था बघेल. मुलगी बरोबरच आहे ना तिच्या? शाळेचं काही करावं लागेल का?"

सकाळपासून टाचणीच्या मुलीबद्दल विचारणारे ते पहिलेच.

"सर, कोणी केलं असेल?"

त्यांनी एक गोळी तोंडात टाकली. "आरोप करू नये माणसानं. पण ठसेवाले चाललेत, हे तुम्हाला माहीत आहे. नव्या ठिकाणी रिकाम्या हातानं जायला कोणाला आवडतं?"

मी बाहेर आले तेव्हा मन ठसेवाल्यांच्या दिशेनं पक्कं झालं होतं. तरीही चपलेत खडा असावा तसं काहीतरी टोचत होतं. सरांनी सगळं विचारलं होतं. एकच गोष्ट विचारली नव्हती, आणि ती कोणती तेच मला आठवेना.

५

जेवणाच्या डब्याला हात लावायची इच्छा नव्हती. ठसेवाले माझ्या खोलीत आले ते विनोद न करताच आले, तेव्हाच मी धास्तावले.

"हा माणूस कुठेच नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे संस्थेतला नाही, दारातून कधी आलेला नाही, पाहुणा नाही, रखवालदार नाही. मी हट्टाला पेटून माझ्याकडचे सगळे नमुने तपासले, बायकांचेसुद्धा. जवळपासही कोणी येत नाही. जणू हा माणूस जन्मालाच आला नाही."

ते गेले. मी माईकताईचे मोठे हेडफोन आणून कानाला लावले आणि क्लिप पुन्हा पुन्हा ऐकत बसले. टाचणीचं वाक्य. मग खुट्ट. मग तो पुरुष. टाचणीचं वाक्य, खुट्ट, पुरुष. ते खुट्ट म्हणजे क्लिप तोडताना झालेला आवाज, असं मी सकाळपासून धरून चालले होते. पण तोडलेलं तर पुरुषाच्या बोलण्यानंतर होतं. आधी कशाला तुटेल?

मी आवाज वाढवला. ते खुट्ट नव्हतंच. टच्.

यंत्र आवाजाचा पोत बदलतं, ओठ बदलत नाही, असं माईकताई सकाळी म्हणाली होती. तो परका पुरुष टाचणीचंच वाक्य, टाचणीच्याच सवयीनं, टाचणी बाजूला काढून म्हणायला लागला होता. ठसेवाल्यांना जगभर शोधून सापडला नाही, कारण तो नव्हताच. ती टाचणीच होती. यंत्रातून काढलेली, पुरुष केलेली टाचणी.

आणि मग चपलेतला खडा हाताला लागला. माईकताईनं ऐकल्या ऐकल्या विचारलं होतं, 'हा बाप्या कोण?' ठसेवाल्यांनी विचारलं होतं, 'हा घोगरा गृहस्थ कोण?' मी स्वतः विचारलं होतं, टाचणीनं सांगितलं होतं. क्लिप ऐकून त्या पुरुषाबद्दल चकार शब्द न काढणारा माणूस एकच होता.

मी दार न वाजवताच सरांच्या खोलीत शिरले.

६

"तो पुरुष कोण, हे तुम्ही का नाही विचारलंत सर?"

सर कुंडीला पाणी घालत होते. झारी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"कारण तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. थांबले असते तर माझं धाडस संपलं असतं. "बाईचा आवाज संशोधनात कधीच पुरुषाचा करत नाहीत. तो करतात फक्त लोकांना चकित करायला. आधी खरा आवाज वाजवायचा, मग लगेच बदललेला. बघा, ओळखता येतो का! बाईचा बाप्या झाला की सभागृह खूश. हा आवाज मोठ्या खोलीत स्पीकरवर वाजलाय. फोटोत लोक फोन वर धरून हसताहेत सर. ते कशाला हसत होते?"

त्यांनी झारी खाली ठेवली.

"एकच वाक्य होतं," ते म्हणाले. "ज्या दिवशी ती बोलली त्याच दिवशी मी ते माझ्याकडे ठेवलं, कपाटात जायच्या आधी. चोरी म्हणून नाही हो. मला ते... मला ते पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटायचं. आपण हे सगळं कशासाठी करतो, ते त्या वाक्यात होतं. नाव सांगितलं नाही, काही नाही. सभागृहात तिला ओळखणारं कोण असणार होतं?"

"सभागृहात कोणी नव्हतं. पण प्रत्येकाच्या हातात फोन होता. कोणीतरी गंमत म्हणून पुढे पाठवलं असेल, त्यानं आणखी पुढे. फिरत फिरत ते त्याच्यापर्यंत पोचलं."

आवाज कसा लपवावा हे दाखवण्यासाठी त्यांनी न लपवलेला आवाज आधी वाजवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जगात हा मूर्खपणा फक्त आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो, आणि तोही सगळ्यात हुशार असेल तरच. मला त्यांचा संताप आला आणि त्यांच्याकडे बघून रडूही आलं.

"आणि ठसेवाल्यांचं नाव घेतलंत," मी म्हटलं.

मान खाली घालून ते त्या झारीकडे बघत राहिले.

पण रागाच्या आत कुठेतरी मला हायसंही वाटत होतं. नावांचं कपाट फुटलेलं नव्हतं. त्याच्याकडे पत्ता असता तर तो सरळ दारात गेला असता; तिच्या आईकडे निरोप धाडायची त्याला गरजच काय? त्याच्याकडे नुसता आवाज होता. टाचणीला पळायला नको, पोरीची मैत्रीण तुटायला नको. कधी एकदा तिला सांगते, असं मला झालं.

मग मनात आलं, निरोप तरी का धाडला? गुपचूप शोधत का नाही बसला?

कारण घाबरलेला माणूस जिथून आवाज फुटला तिथेच विचारायला धावतो. त्याला तेच हवं होतं.

"सर, व्याख्यानात पडद्यावर संस्थेचं नाव होतं?"

"पहिल्याच चित्रात," सर म्हणाले. "इमारतीच्या फोटोसकट. दारासकट. ते दार कसं उघडतं, हेही मी..."

बाहेरच्या बाकावर एका कानात इअरफोन घालून बसलेला तो माणूस. एका कानानं तो काय ऐकत होता आणि दुसरा कान कशासाठी मोकळा ठेवला होता, हे मला त्या क्षणी कळलं. त्याला चेहरे बघायची गरजच नव्हती. आमच्या दारापाशी आलेल्या प्रत्येक बाईला तोंड उघडून बोलावंच लागत होतं. आम्ही तशी सोयच करून ठेवली होती.

मी टाचणीला फोन लावला. फोन बंद होता. मीच बंद करायला सांगितला होता.

"पोलिसांना फोन करा," मी सरांवर ओरडले. "तुमचा आवाज आज कामाला येऊ दे!"

७

लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. मी जिन्यानं उतरले. या वयात, या गुडघ्यांवर, कशी उतरले ते त्या गुडघ्यांनाच ठाऊक.

काचेच्या दारापलीकडे तो बाकावर तसाच बसला होता. पाय पसरलेले, मान जरा कललेली. आणि त्याच्यासमोरून, हातभर अंतरावरून, हेल्मेट घातलेली टाचणी दाराकडे येत होती. हेल्मेटमुळे तिला तो बाजूला दिसत नव्हता आणि त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता. ती जाळीशी थांबली. तिनं हेल्मेटची काच अर्धी वर केली आणि जाळीकडे वाकली.

आतून दार उघडायचं बटण भिंतीवर असतं. मी त्यावर हाताचा पंजाच आपटला.

दार सरकलं आणि मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. "ही वेळ आहे का पार्सल आणायची? सकाळपासून माणसं खोळंबलीत इथे! नाही, एक अक्षर बोलू नका! तुमची कारणं ऐकायची नाहीत मला, ट्रॅफिक आणि पंक्चर! तोंड उघडू नका, सांगतेय ना! चला आत, सही करा आणि चालू लागा!"

टाचणी गोठून माझ्याकडे बघत राहिली. तिनं मला असं किंचाळताना कधी ऐकलं नव्हतं. बाकावरच्या माणसानं मान वर केली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्या डोळ्यांनीच सगळं सांगून टाकलं असतं. मी फक्त तिच्याकडे बघत राहिले आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, बाई गं, समजून घे.

तिचे ओठ उघडायच्या बेतात होते. ते मिटले. घट्ट मिटले, आत टाचण्या धरल्यासारखे. तिनं काच खाली ओढली, मान डोलावली आणि माझ्या बाजूनं आत आली.

मागून तो अदबीनं म्हणाला, "जाऊ द्या ताई, बिचारी पोटासाठी धावते."

तो आवाज ऐकला आणि टाचणीचं पाऊल अडखळलं. मी तिचा दंड धरला आणि पुढे ढकललं. दार सरकून बंद झालं. जिन्याच्या आडोशाला ती मटकन खाली बसली आणि हेल्मेट न काढताच थरथरत राहिली. तेवढ्या वेळातसुद्धा तिनं तोंडातून आवाज काढला नाही.

८

पोलीस आले. मनाई मोडून तो तिच्या वाटेवर दबा धरून बसला होता, आणि त्याच्या फोनमध्ये आमच्या दाराचे आत्ताच काढलेले फोटो होते. आता त्यांना धमकी सापडली. त्याला घेऊन गेले. किती दिवसांसाठी, ते कोणी सांगू शकत नाही.

सरांनी भिंतींवरचं आपलं वाक्य स्वतःच उतरवलं आणि राजीनामा लिहिला. मी वरच्या कार्यालयात झाल्या प्रकाराचा अहवाल पाठवला, त्यात काही झाकलं नाही. ठसेवाल्यांनी जाळी उखडून काढली. त्यांची मी माफी मागितली, तर ते म्हणाले, "गाढव दिसतो का, याचं उत्तर तेवढं दे." माईकताई मात्र माझ्याशी अजून जरा जास्तच हळू बोलते.

काही दिवसांनी टाचणी आली. मागच्या दारानं, लेकीला घेऊन. लेक शेजारच्या खोलीत माईकताईच्या गाद्यांवर उड्या मारत होती.

मी तिला तिचे हक्क पुन्हा एकदा वाचून दाखवले. आपला आवाज ऐकायचा हक्क, चुकीची माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क, सगळं पुसून टाकायचा हक्क. सभागृहातून जे बाहेर गेलं ते आता माझ्या हातात नाही, हेही सांगितलं. सांगताना माझी नजर तिच्याकडे वळेना.

"आमच्याकडचं सगळं पुसता येईल," मी म्हटलं. "कारण द्यायला लागत नाही."

"ऐकवा एकदा," ती म्हणाली.

मी लावलं. टच्. आता दार उघडं राहिलं तरी मला झोप लागते. ती स्वतःचाच आवाज मान कलती करून ऐकत होती, एखाद्या ओळखीच्या बाईची खुशाली ऐकावी तशी.

"पुसा," ती म्हणाली. "कारण लागत नसलं तरी लिहून ठेवा ताई. माहिती चुकीची आहे. मी आता रात्री उठून तीनदा कडी बघते."

मी लिहिलं, आणि पुसलं.